भीमथडीच्या माळाची कहाणी

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी दौंड सोडून भिगवणच्या वाटेला लागली कीं, डब्यांतील शहरी उतारू बहुधा खिडकीकडे पाठ फिरवितो आणि वर्तमानपत्र उघडतो. बाहेर पाहण्यासारखें कांहीं नाहीं, अशी त्याची खात्री झालेली असते. मुरमाड जमिनीचे संथ चढउतार, त्यांवर गुडघ्याएवढें पिवळें गवत, मध्येंच एकादी बोरीची जाळी किंवा काटेरी हिवर, आणि दूर कोठें तरी मुंडासें बांधलेला धनगर व त्याचीं मेंढरें, एवढेंच काय तें दृश्य. "काय हा ओसाड मुलूख!" असा शेरा मारून तो मोकळा होतो. ज्या गवतावर त्याची नजर ठरत नाहीं, त्याच गवतांत एकादी चिंकाऱ्याची मादी आपलें पाडस दडवून उभी असूं शकते, आणि पलीकडच्या ओघळींत दिवसभर अंग चोरून पडलेला लांडगा सूर्यास्ताची वाट पाहत असूं शकतो, हें त्याच्या स्वप्नींहि येत नाहीं.

हा 'ओसाड' शब्द मोठा जुना आणि मोठा घातक आहे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या माळरानाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थीं या शब्दाचाच इतिहास होय. राजे बदलले, राज्यें बदललीं, मोजणीच्या साखळ्या बदलल्या. परंतु गवताच्या जमिनीकडे पाहण्याची दृष्टि मात्र फारशी बदलली नाहीं. ती दृष्टि कशी बनली, तिच्यापायीं काय गेलें, आणि जें उरलें तें कोणीं राखलें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम या मुलुखाची ठेवण पाहावी. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि मधून बारामतीवरून वाहणारी कऱ्हा, अशा नद्यांच्या बेचक्यांत हे दोन तालुके वसले आहेत. नीरा आणि भीमा यांचा संगम इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथें होतो. नद्या तीन असल्या तरी पाऊस मात्र बेताचा. सह्याद्रीच्या माथ्यावर शेंकडों इंच कोसळणारे ढग येथवर येतात ते रिकाम्या पखालीसारखे. वर्षाकांठीं वीस इंच पाऊस पडला तर शेतकरी देवाला नारळ फोडतो. अशा हवेंत व अशा उथळ मुरमाड जमिनींत घनदाट अरण्य उभें राहत नाहीं. तेथें सृष्टि गवत पिकविते. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा अशीं गवतें, त्यांत विखुरलेलीं खैर, हिवर, बाभूळ, बोर हीं झाडें, हेंच या भूमीचें मूळ रूप आहे. कोणी तरी जंगल तोडलें म्हणून येथें गवत उरलें, अशी जी समजूत आहे ती सरसकट खरी मानतां येत नाहीं. चिंकारा, लांडगा, खोकड, माळढोक, रातवा, चंडोल या प्राण्यांचें शरीर, रंग, पळण्याची रीत, पिल्लें वाढविण्याची पद्धति, सारें उघड्या मैदानाला साजेसें घडलेलें आहे. असे प्राणी घडावयास हजारों वर्षें लागतात. म्हणजे माळ हा त्यांच्याहूनहि जुना.

मराठ्यांच्या काळीं या माळाला कोणी ओसाड म्हणत नसे, कारण त्याचा उपयोग सर्वांना ठाऊक होता. पुणें, सुपें व इंदापूर हे परगणे भोसल्यांच्या जहागिरींतले. मालोजीराजांचा अंत इंदापुरास झाला व त्यांचें स्मारक तेथें आजहि दाखवितात. राज्य घोड्यावर चालत होतें आणि घोडा गवतावर. भीमेच्या थडीवर वाढलेलें तट्टू दिसावयास लहान, पण काटक. भीमथडीच्या या तट्टांचें नांव मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर सर्व हिंदुस्थानांत गेलें. पागेच्या घोड्यांसाठीं गवत हवें म्हणून कुरणें राखून ठेवण्याची पद्धति होती, आणि सरकारी कुरणांत चोरून गुरें घालणें हा गुन्हा समजला जाई. यांत वन्य पशूंविषयीं भूतदया होती असें म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या गवतावर राज्याचा घोडा चरे, त्याच गवतावर काळवीट आणि चिंकाराहि चरत असे, आणि राखलेल्या कुरणाचा लाभ दोघांनाहि मिळे. बारामतीला मोरोपंत आर्या रचीत बसले होते, तेव्हां कऱ्हेपलीकडच्या माळावर हरणांचे कळप फिरत होते, असें मानावयास हरकत नाहीं.

पेशवाई बुडाली आणि इंग्रजी अंमल आला. नव्या सरकारला प्रथम हवी होती माहिती. १८२४ सालीं मुंबई सरकारनें कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना दख्खनची आंकडेवारी गोळा करण्याच्या कामीं नेमलें. माणसें किती, नांगर किती, धान्याचे भाव काय, पाऊस किती, हें मोजण्यासाठीं साइक्स साहेब १८३१ पर्यंत दख्खन पालथें घालीत होते. हे गृहस्थ नुसते कारकून नव्हते; मोजतां मोजतां जें जें डोळ्यांपुढें आलें तें तें त्यांनीं टिपलें. परत गेल्यावर लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें त्यांनीं दख्खनच्या पशूंची व पक्ष्यांची यादी मांडली. त्या यादींत या माळाचे दोन मानकरी शास्त्राच्या दरबारीं प्रथमच दाखल झाले. एक आपला लांडगा. त्याच्या पायांचा रंग फिका, म्हणून त्याला साइक्सनीं १८३१ सालीं 'फिक्या पायांचा' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. दुसरा चिंकारा. त्यालाहि शास्त्रीय नांव त्याच वर्षीं मिळालें, तें प्राणिशास्त्र मंडळाचे चिटणीस बेनेट यांच्यावरून. मात्र साइक्सनीं मराठी लोकांच्या तोंडचा शब्दहि नोंदवून ठेवला: 'काळसिपी', म्हणजे काळ्या शेपटीचा. चिंकारा पळतांना त्याची ती आंखूड काळी शेपटी सारखी हलत असते. ज्यानें हें नांव ठेवलें त्या अनाम गुराख्याची नजर किती तीक्ष्ण असेल! पुढल्याच वर्षीं साइक्सनीं एका रातव्याला मराठ्यांच्या नांवावरूनच शास्त्रीय नांव दिलें. अशा रीतीनें आज साऱ्या जगांत या जनावरांची जी ओळख आहे, तिचा दाखला दख्खनच्याच पठारावरून गेलेला आहे.

दैवाची गंमत अशी कीं, साइक्स ज्या वर्षांत या माळाचें वैभव टिपीत होते, त्याच वर्षांत दुसरा एक इंग्रज अधिकारी त्याच माळाला कागदोपत्रीं 'पडीक' ठरवीत होता. पुणें जिल्ह्याची जमीनमोजणी रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनीं केली आणि १८३० च्या सुमारास नवा सारा लागू झाला. प्रिंगल साहेबांचें अर्थशास्त्र विलायती पुस्तकांतलें. पिकाच्या उत्पन्नांतून खर्च वजा करून उरेल त्यावर सारा बसवावा, हें तत्त्व ऐकावयास चोख, परंतु हिशेब चुकले, मोजणीच्या खालच्या नोकरांनीं हात ओले केले, आणि सारा इतका जड बसला कीं, इंदापुरांतलीं कुळें जमिनी सोडून परागंदा झालीं. तेव्हां १८३५ सालीं गोल्डस्मिड आणि इंजिनियर खात्यांतील लेफ्टनंट विंगेट या दोघांना इंदापुरास पाठविण्यांत आलें. त्यांनीं सारा पुष्कळ उतरविला, जमिनीची प्रतवारी केली आणि तीस वर्षें दर वाढणार नाहीं अशी हमी दिली. मुंबई इलाख्याची पुढची सारी मोजणीपद्धति या इंदापूर तालुक्यांत जन्मली. रयतेला दिलासा मिळाला, सोडलेल्या जमिनी पुन्हां नांगराखालीं आल्या. हें काम चांगलेंच झालें, याविषयीं दुमत नाहीं.

परंतु या मोजणीनें एक गोष्ट पक्की केली. जमीन दोनच प्रकारची: जी सारा देते ती, आणि जी देत नाहीं ती. जी देत नाहीं ती 'पडीक'. गवताच्या माळावर मेंढरें जगतात, मेंढरांच्या लेंडीखतावर शेतें पिकतात, लोंकरीवर धनगराचें घोंगडें विणलें जातें, हा सारा व्यवहार वहीच्या कोणत्याच रकान्यांत बसेना. जें रकान्यांत बसत नाहीं तें नाहींच, असा दप्तराचा न्याय असतो. त्या दिवसापासून माळ हा कोणी तरी येऊन सुधारावयाची वाट पाहणारा, रिकामा पडलेला मुलूख ठरला.

पुढें संकटांची रांग लागली. १८६७ मध्यें तीस वर्षांची मुदत संपतांच इंदापूरचा सारा वाढला. शेतकरी सावकाराच्या पाशांत सांपडला, आणि १२ मे १८७५ या दिवशीं जुन्या भीमथडी तालुक्यांतील सुप्याच्या बाजारांत रयतेनें सावकारांचे दस्तऐवज काढून जाळले. दख्खनच्या दंग्याची ती पहिली ठिणगी. लागलीच १८७६ चा भयंकर दुष्काळ आला. त्या दुष्काळांत माणसांना काम द्यावें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचें खोदकाम निघालें आणि १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटलें. मागून भाटघरचें धरण आलें. शिरसुफळ आणि भादलवाडी येथील तलाव हेंहि त्या शतकांतील अशाच कामांचें देणें. कालव्याखालीं ऊंस उभा राहिला, गुऱ्हाळें लागलीं. विसाव्या शतकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगरचा साखरेचा कारखाना उभा राहिला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांनीं बारामतीचें नांव दूरवर नेलें. दुष्काळानें पिचलेल्या घरांत चूल पेटली, मुलें शाळेंत गेलीं. याला कोण नांवें ठेवील? मात्र कालव्याच्या एका बाजूला बागाईत आणि दुसऱ्या बाजूला जिराईत, असे एकाच तालुक्याचे दोन भाग झाले. आणि गवत, चिंकारा, लांडगा व मेंढपाळ हे सारे उरल्यासुरल्या जिराईत बाजूला एकत्र लोटले गेले.

याच काळांत बंदुकीनेंहि आपलें काम केलें. शेजारच्या नगर भागांत मॅन्सफील्ड नांवाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानें १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाच्या एका बंदुकीचा हा हिशेब! माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडें घालते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो. लांडग्याच्या वांट्याला तर सरकारी बक्षीस आलें. त्याला उपद्रवी ठरवून दर डोक्यामागें पैसे देण्यांत येत. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत दोन लाखांवर लांडगे बक्षिसासाठीं मारले गेल्याचें सरकारी नोंदींवरून इतिहासकारांनीं दाखविलें आहे. चित्त्याचें दैव याहून वाईट. कोल्हापूर दरबारीं काळविटांच्या शिकारीसाठीं चित्ते पाळीत. पण देशी चित्ते इतके दुर्मिळ झाले कीं, शेवटीं ते आफ्रिकेंतून आणावे लागले. १९५२ सालीं हा प्राणी हिंदुस्थानांतून नाहींसा झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. माळाचा पहिला मोहरा असा पडला.

येथें एका जमातीची गोष्ट सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या फांस लावून तितर, लावे, हरणें धरीत. माळाचें ज्ञान त्यांच्याइतकें कोणाला नव्हतें; कोणतें पाखरूं कोणत्या नक्षत्रांत कोठें अंडीं घालतें, हें पारध्याच्या पोराला पाठ असे. इंग्रजांनीं १८७१ च्या व त्यापुढच्या कायद्यांनीं अशा भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो शिक्का कायद्यानें १९५२ मध्यें पुसला गेला, लोकांच्या मनांतून मात्र पुरता पुसला गेला नाहीं. पुढें शिकार बंद झाली हें योग्यच झालें. पण शिकार सोडणाऱ्याच्या हाताला दुसरें काम कोणीं द्यावयाचें, याचा विचार फार थोड्यांनीं केला. ज्या साहेबानें शेंकडों माळढोक मारले तो शिकारी म्हणून मिरवला, आणि ज्यानें पोटासाठीं चार तितर धरले तो चोर ठरला, हें इतिहासानें विसरूं नये.

१९७२ हें वर्ष महाराष्ट्राला दुष्काळाचें म्हणून आठवतें. त्याच वर्षीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा देशाला मिळाला. लांडगा आणि चिंकारा या दोघांनाहि त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, जागा आहे. ज्याच्या डोक्यावर कालपर्यंत बक्षीस होतें त्याला मारणें आतां तुरुंगाचें कारण झालें. यानंतर माळ राखण्याचे प्रयत्न एकामागून एक सुरू झाले. १९७९ सालीं सोलापूरजवळ नान्नज व लगतच्या भागांत माळढोकासाठीं अभयारण्य जाहीर झालें. १९८० सालीं कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें काळविटांसाठीं सव्वादोन चौरस किलोमीटरांहूनहि लहान असें अभयारण्य झालें. आणि १९९७ सालीं बारामती तालुक्यांत सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठीं मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झालें. मोरगांवचा मयूरेश्वर गणपति जवळच. त्याच्या नांवानें हें रान चिंकाऱ्याला लावून देण्यांत आलें.

मयूरेश्वर अभयारण्याचें क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. ताडोबा किंवा मेळघाट पाहिलेल्या माणसाला हें हंसूं आणील. एका टेकाडावर उभें राहिलें तर बहुतेक सारें रान नजरेंत मावतें. परंतु जेथें दंगलीची पहिली ठिणगी पडली, जेथें दुष्काळानें गांवें उठलीं, त्याच सुप्याच्या शिवारांत लोकांनीं एवढें रान जनावरांसाठीं सोडलें, याचें मोल क्षेत्रफळावर करूं नये. येथें चिंकाऱ्याबरोबर तरस, कोल्हा, खोकड, ससा हे प्राणी राहतात आणि लांडगाहि येतो. उन्हाळ्यांत वनखात्याचे लोक पाणवठे भरतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसून प्राण्यांची मोजदाद होते. चिंकारा मोठा कोरडा तपस्वी. पाला, शेंगा व बोरें यांतील ओलाव्यावर तो दिवसचे दिवस काढूं शकतो. मात्र त्याला अभयारण्याची हद्द वाचतां येत नाहीं. सीमेबाहेर पाऊल पडलें कीं, तेथें कठडा नसलेल्या विहिरी आहेत, भरधांव मोटारी आहेत आणि मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आहेत.

या दोन तालुक्यांच्या इतिहासांत एक प्रसंग असा आहे कीं, जेथें माणसानें न योजितां वन्यसृष्टीला वैभव मिळालें. उजनी येथें भीमेवर बांधलेलें धरण १९८० मध्यें पुरें झालें. सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी धरणारा यशवंतसागर पसरला आणि इंदापूर, करमाळा, दौंड या तालुक्यांतील कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें प्राचीन देऊळ तेव्हांपासून पाण्यांत आहे. कडक उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें वर डोकावतें, आणि उठून गेलेले गांवकरी आपल्या देवाच्या दर्शनाला येतात. ज्यांची घरें बुडालीं त्यांचें दुःख कोणत्याहि पक्षिवैभवानें भरून येणारें नाहीं. परंतु त्याच पाण्याच्या उथळ कडेला, भिगवण, कुंभारगांव, डिकसळ या बाजूला, हिंवाळा-उन्हाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले. उन्हाळा चढतो तसतसें पाणी मागें हटतें, चिखल उघडा पडतो आणि त्यांतले बारीक जीव टिपावयास हे गुलाबी पाहुणे रांगा लावतात. त्यांचें माहेर कच्छच्या रणांत. तेथील त्यांची अफाट वसाहत सलीम अली यांनीं १९४५ मध्यें जाऊन पाहिली होती. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात, चक्रवाक येतात, थापट्या येतो. भादलवाडीच्या जुन्या दुष्काळी तलावांतील झाडांवर चित्रबलाकांची वीण होते. इतकेंच नव्हे, तर खुद्द इंदापुरांत तहसील कचेरीच्या आवारांतील चिंचेवरहि हे पक्षी घरटीं बांधतात. खालीं सात-बाराच्या उताऱ्यासाठीं खेटे घालणारी माणसें आणि वर पिल्लांना मासे भरविणारे चित्रबलाक! ज्या तालुक्यानें जमीनमोजणीची पद्धति इलाख्याला दिली, तेथील कचेरीचा हा आजचा देखावा आहे. तेथें कोणी त्यांस दगड मारीत नाहीं. गांवांतले मच्छीमार आतां हिंवाळ्यांत पाहुण्यांना होडींतून पक्षी दाखवितात आणि त्यावर कांहीं कुटुंबें चालतात. पाण्याला मात्र दृष्ट लागली आहे. पुण्याचें व पिंपरी-चिंचवडचें सांडपाणी मुळा-मुठा व भीमा यांतून याच जलाशयांत येतें, आणि परदेशी चिलापी माशानें देशी माशांची जागा बळकाविली आहे.

पाण्यावरील पक्षी देखणे म्हणून त्यांना पाहुणे मिळाले. लांडग्याला मात्र वकील मिळावयास उशीर लागला. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट ऐकून वाढलेल्या समाजांत तें स्वाभाविकच होतें. आश्चर्य हें कीं, ज्याचें नुकसान लांडगा खरोखरच करतो, त्या धनगराच्या मनांत त्याच्याविषयीं शहरी माणसाइतका द्वेष नाहीं. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा कोंकणच्या वाटेला लागतो, पावसाच्या तोंडीं परततो. रात्रीं कोणाच्या शेतांत मेंढ्या बसवाव्या, खताच्या मोबदल्यांत धान्य घ्यावें, हा शेंकडों वर्षांचा शिरस्ता. या वाटचालींत लांडगा कळपाच्या मागें असतोच. एकादें कोंकरूं तो नेतो. धनगर काठी घेऊन धांवतो, कुत्रीं सोडतो, शिव्याहि देतो. पण त्याचाहि कळपांत वांटा आहे, अशी समजूत कित्येक वाड्यांत आढळते. कायदा नव्हता, अभयारण्य नव्हतें, बक्षिसाची लालूच होती, अशा काळांत लांडगा टिकला त्याचें श्रेय या समजुतीला द्यावें लागतें. माळाचे पहिले राखणदार सरकारी गणवेशांतले नव्हते; ते घोंगडीवाले होते.

अलीकडे शास्त्रज्ञहि त्याच निष्कर्षाला येत आहेत. इरावती माजगांवकर, विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, पश्चिम महाराष्ट्रांतील लांडगा, तरस व बिबट्या हे अभयारण्यांच्या बाहेर, माणसांच्या वस्तींत व शेतीवाडींतहि नांदतात असें दाखविलें. २०२१ मध्यें झालेल्या जनुकांच्या तपासणीवरून हिंदुस्थानचा लांडगा जगांतील लांडग्यांच्या अत्यंत प्राचीन शाखांपैकीं एक असल्याचें ठरलें. साऱ्या देशांत मिळून हे लांडगे आतां सुमारें तीन हजार उरले असावे, म्हणजे वाघांहूनहि कमी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि २०२३ मध्यें पुण्याजवळच्या माळावरील नमुन्यांवरून लांडगा व कुत्रा यांचा संकर होत असल्याचें सिद्ध झालें. कोंबड्यांच्या खुराड्यांचा टाकाऊ माल माळावर फेंकला जातो, त्यावर मोकाट कुत्रीं वाढतात, तीं लांडग्याला रोग देतात आणि त्याच्या रक्तांतहि मिसळतात. बंदुकीनें जें साधलें नाहीं तें उकिरड्यानें साधूं नये, एवढी काळजी घेणें गांवाच्या हातचें आहे.

दुसरें संकट चांगुलपणाच्या वेषांत येतें. माळ ओसाड, म्हणून त्यावर झाडें लावावीं, हा विचार ऐकावयास पुण्यप्रद वाटतो. २०१६ पासून राज्यांत कोट्यवधि झाडें लावण्याच्या मोहिमा झाल्या. एकट्या २०१९ सालचा संकल्प ३३ कोटींचा होता. डोंगरउतारावर, रस्त्याच्या कडेला, गांवांत झाड लावणें उत्तमच. पण गवताच्या माळावर खड्डे खणून दाट सावलीचीं वा परदेशी झाडें लावलीं तर गवत मरतें, आणि गवताबरोबर चिंकारा, लांडगा व मेंढरूं या तिघांचेंहि घर जातें. तळें बुजवून बाग करणारा जसा तळ्यावर उपकार करीत नाहीं, तसाच हा प्रकार. आजच्या सरकारी नकाशांतहि झुडपी माळ हा पडीक भूमीच्या सदरांतच दाखविला जातो. प्रिंगल साहेब गेले, पण त्यांचा रकाना राहिला.

तरीहि या कहाणीचा सूर निराशेचा नाहीं. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडीच्या माळावर आजहि चिंकारे दिसतात, लांडग्यांचीं बिळें आढळतात. २०२४ च्या अखेरीस वनखात्यानें कडबनवाडी व बारामती तालुक्यांतील शिरसुफळ येथें ठराविक वाटांनीं, ठराविक गाड्यांतून, गांवच्या शिकविलेल्या वाटाड्यांसह माळ दाखविण्याची व्यवस्था सुरू केली. ज्या माळाला पाहण्यासारखें कांहीं नाहीं म्हणून उतारूंनीं पाठ फिरविली, तोच माळ पाहण्यासाठीं माणसें आतां पहाटे पुण्याहून निघतात. माळ दाखवून गांवच्या तरुणाला चार पैसे मिळाले, तर तो माळ राखण्यांत त्याचें हित आहे, हें त्याला निराळें सांगावें लागणार नाहीं. मात्र या मिळकतींत धनगराच्या वाड्याची आणि पारध्याच्या पालाची आठवण राहिली पाहिजे. ज्यांनीं जनावर ओळखलें, त्याला नांव दिलें आणि त्याचा वांटा मान्य केला, त्यांना बाहेर ठेवून राखलेलें रान फार दिवस राखलें जात नाहीं, असाच इतर ठिकाणचा अनुभव आहे.

इतिहास वाचून माणसानें निदान शब्द तरी जपून वापरावे. इंदापुरांतच एका शब्दानें माळाला दोनशें वर्षांची शिक्षा दिली. घरांतल्या मुलांना भूगोल शिकवितांना, गांवची जमीन विकतांना किंवा घेतांना, देणगीची झाडें कोठें लावावयाचीं हें ठरवितांना, 'ही जमीन पडीक आहे' असें तोंडांतून निघण्यापूर्वीं क्षणभर थांबावें आणि तेथें आज कोण राहतें, हें विचारावें. पुढच्या खेपेस गाडी भिगवणजवळ आली कीं, खिडकींतून पाहावें. गवत हललें तर तो वाराच असेल असें नाहीं.